पत्र्याच्या खोपीत तळहाताएवढे कोळी आणि विंचू, मिरगाच्या आत साफ करायचीय. सल्ला द्या

वडणगेची_सून
नमस्कार मंडळी. घराच्या मागं सासऱ्यांनी बांधलेली दहा बाय पंधराची पत्र्याची खोप आहे. वीस वर्षं तिच्यात नको ते सगळं पडत आलंय. औताचं सामान, खताची फाटकी पोती, ट्रॅक्टरची दोन टायरं, शेणी, चिपाडं, जळणाची लाकडं. २०१९ च्या पुरात जे घाईघाईनं माळ्यावर टाकलं तेही अजून तसंच आहे. मला जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथं शिलाईच्या दोन मशिनी मांडायच्यात. शाळेच्या गणवेशाची ऑर्डर हातात आहे आणि घरात पाय ठेवायला जागा नाही.

परवा पोती ओढायला गेले तर भिंतीवरून एक कोळी आडवा पळाला. तपकिरी, चपटा, पाय धरून तळहाताएवढा, आणि पोटाखाली रुपयाएवढी पांढरी चकती धरलेली. पोतं तिथंच टाकून बाहेर आले. संध्याकाळी मिस्टर टॉर्च घेऊन गेले तेव्हा शेणींच्या मागं जाळी दिसली, पत्र्याच्या कडेला मातीची घरटी दिसली आणि लाकडाखाली एक विंचूही दिसला.

मुलगा सहा वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची, दोघंही दिवसभर मागच्या अंगणात. सासरे म्हणतात कोपऱ्यात थिमेट, ते पिकावरचं कीटकनाशक, टाका. शेजारचे म्हणतात पंप मारा, एका दिवसात विषय संपला. मला औषधाचा वास कापडाला आणि पोरांना लागेल याची काळजी आहे. कुणी असं शेड साफ केलंय का?

पंपवाला_शिरोळ
ताई, एवढा विचार करू नका. सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक आणा, पाठीवरच्या पंपानं भिंती, पत्रा, कोपरे सगळं भिजवा आणि दोन दिवस दार बंद ठेवा. आमच्या गोदामात दरवर्षी असंच करतो. झुरळं, मुंग्या, गोमी, सगळं आडवं होतं.

मास्तर_जीवशास्त्र
थोडं थांबा. आधी काय आहे ते ओळखू, मग औषधाचं बघू.

तुम्ही वर्णन केलेला कोळी जाळं विणत नाही, रात्री भिंतीवर फिरून झुरळं पकडतो. पांढरी चकती म्हणजे त्याच्या मादीची अंड्यांची पिशवी, ती पोटाशी धरूनच फिरते. हातात दाबला गेला तर चावतो, दुखतं, थोडी सूज येते. माणसाच्या जिवाला त्याचा धोका नाही. कोपऱ्यात लांब काडीसारख्या पायांचे असतात, जाळं हललं की अंग हलवत बसतात, तेही निरुपद्रवी.

जपायचं ते दोघांपासून. एक, काळा चकचकीत, पोट वाटाण्यासारखं गोल आणि त्यावर लाल खूण, जमिनीलगत अडगळीत वेडंवाकडं पण चिवट जाळं. या कुळातले कोळी भारतात आहेत, दिसायला मात्र क्वचित दिसतात. दुसरा, झाडाच्या ढोलीत राहणारा मोठा केसाळ कोळी, घाटाकडच्या भागात. तो चावला तर वेदना खूप होतात आणि स्नायूंना पेटके येतात. यातलं काही दिसलं तर हात लावू नका, आणि चावलंच तर घरी बसू नका.

पण मला काळजी कोळ्याची नाही, त्या विंचवाची आहे. रंग काय होता? पुढच्या नांग्या बारीक होत्या का जाड?

वडणगेची_सून
मिस्टरांना विचारलं. तांबूस-पिवळसर होता, बोटाएवढा. नांग्या बारीक, शेपूट जाड.

मास्तर_जीवशास्त्र
मग तो लाल विंचू धरून चला. काळी मोठी इंगळी दिसायला भयंकर असते, नांग्या खेकड्यासारख्या जाड, पण तिचं विष त्यामानानं सौम्य. बारीक नांग्या आणि जाड शेपूट असेल तर सावध. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं आणि लहान मुलांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. तुमच्या खोपीतलं पहिलं काम तेच आहे. कोळी नंतर.

आक्का_गारगोटी
पोरी, मास्तर बोलत्यात ते खरं हाय. मी सांगतो आमच्या घरचं. धाकटा सात वर्साचा हुता, जळणातनं लाकूड काढाय गेला आणि बोटाला चावला. आम्ही शाणी माणसं, पयला मंत्र घालणाऱ्याकडं न्हेला. दोन तास गेलं. पोराला घाम सुटला, सदरा पिळून निघाला, वकाऱ्या सुरू झाल्या आणि हातपाय बरफागत गार. मग जीपमधनं दवाखान्यात. डाक्टर म्हणालं आजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. वाचला पोरगा, आता त्यालाच दोन पोरं हाईत. पण ते दोन तास मी आजून इसरलो न्हाई.

आमच्यात तवापासनं नेम हाय. जळणाला हात घालायच्या आधी काठीनं बडवायचं, मग थांबायचं, मग खालनं न्हवं तर वरनं एकेक लाकूड काढायचं. दिवस मावळल्यावर जळणाकडं जायाचंच न्हाई. रात्रीचं लागणारं सकाळीच चुलीपाशी आणून ठेवायचं.

मास्तर_जीवशास्त्र
आक्का, तुमच्यासारख्या कितीतरी घरांत हे घडलंय. यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम मोठं आहे. कोकणात लाल विंचवानं माणसं पटापट जायची. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वेळेत दिलं तर रुग्ण वाचतो हे त्यांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाची लस वेगळी असते आणि सापाची वेगळी. सापाची लस विंचवावर चालत नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे.

विंचू चावला की दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. चावा बसल्याची वेळ लक्षात ठेवायची आणि थेट दवाखाना. १०८ ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीनं सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा. वडणग्यापासून फार लांब नाही. प्राझोसिन घरात ठेवून स्वतःच्या मनानं देऊ नका, त्यानं रक्तदाब एकदम उतरू शकतो.

फॅब्रिकेशन_उचगाव
मी पत्र्याची शेडं बांधतो, त्यामुळं लोकांच्या जुन्या खोपी उचकटायचं काम नेहमीचं. पंपवाल्या भावांना एक सांगतो. गोदामात माल हलता असतो, तिथं फवारणी लागू पडते. अडगळीत नाही पडत. कोळी पायाच्या टोकांवर चालतो, भिंतीवरचं सुकलेलं औषध त्याच्या अंगाला फारसं लागत नाही. विंचू लाकडाच्या पोटात, तिथं फवारा पोचत नाही. एकदा कामाच्या आदल्या दिवशी मालकानं अडगळीवर फवारून ठेवलं होतं. सकाळी गेलो तर मेलेले चार आणि बिथरून घराच्या पायऱ्यांवर आलेले त्याहून जास्त. तेव्हापासून माझा आग्रह असा: आधी जागा रिकामी, मग भोकं बंद, आणि औषध लागलंच तर शेवटी, तेही फक्त फटींत.

आणि ते थिमेट सासऱ्यांना हात जोडून नको म्हणा. ते म्हणजे फोरेट. त्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. साप-विंचू त्याच्या वासानं पळत नाहीत. कुत्रं, कोंबडी, शेळी आणि अंगणातलं पोर, यांनाच त्याचा धोका. जुनी पुडी खोपीत कुठं पडली असेल तर तीही शोधा, मुलांच्या हाती लागायच्या आत.

पंपवाला_शिरोळ
फोरेटचं बरोबर आहे, ते मीही सांगणार नाही. आणि लहान मुलं आहेत हे मी नीट वाचलं नव्हतं. ताई, तुम्ही आधी रिकामंच करा.

वडणगेची_सून
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना आक्कांचा मेसेज वाचून दाखवला, ते गप्प झाले. त्यांच्या बहिणीचा मुलगा असाच गेला होता, हे मला आज कळलं.

उंदीरही आहेत, लेंड्या दिसतात. त्याचं काय? गोळ्या टाकू का?

मास्तर_जीवशास्त्र
अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घराजवळ अजिबात नकोत. त्यातून निघणाऱ्या वायूनं माणसं मेलेली आहेत. चिकट पुठ्ठेही टाळा, त्यावर पाली आणि साप चिकटून तडफडतात. साधा पिंजरा लावा, आत भाकरीला शेंगदाण्याचं कूट लावून ठेवा, आणि धान्याचा कण जमिनीवर राहू देऊ नका. उंदीर आहेत तिथं नाग, घोणस आज ना उद्या येतात. मण्यार तर रात्रीच फिरते, तिचा चावा कळतही नाही. म्हणून मुलांना जमिनीवर झोपवू नका, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा किंवा वनखात्याच्या १९२६ वर फोन करा.

फॅब्रिकेशन_उचगाव
कामाची रीत सांगतो. सकाळी ऊन वर आल्यावर सुरू करा. गमबूट, चामडी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोक्याला टॉवेल. दारापासून आत जायचं, म्हणजे मागं पळायची वाट कायम मोकळी राहते. प्रत्येक वस्तू लांब दांड्याच्या खराट्यानं झाडून मगच उचलायची. टायर उचलण्याआधी आडवं पाडायचं, आतली पोकळी ही विंचवाची आवडती जागा.

रिकामं झालं की जमीन बघा. मातीची असेल आणि भेगा पडल्या असतील तर कोबा करून घ्या, याला पर्याय नाही. भिंत आणि पत्रा मिळतात तिथं पत्र्याच्या प्रत्येक नालीखाली अर्धचंद्रासारखं भोक राहतं, सगळं तिथनंच आत येतं. ती सिमेंटनं भरा. खिडकीला पाव इंची लोखंडी जाळी, दाराच्या तळाला रबरी पट्टी. शाहूपुरीत हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळेल. बाहेरचा पांढरा बल्ब काढून पिवळा लावा. पांढऱ्यावर किडे जास्त येतात, किड्यांमागं पाली आणि कोळी.

आणि एक यूव्ही टॉर्च घ्या, नोटा तपासायची असते तशी. रात्री दारात उभं राहून मारा. विंचू हिरवा चमकतो.

वडणगेची_सून
आठ दिवसांनी लिहितेय. रविवारी काम केलं. मी, मिस्टर, दीर आणि गावातली दोन पोरं. मुलांना आईकडं कसबा बावड्याला पाठवलं होतं.

आदल्या रात्री दारातून ती टॉर्च मारली. साध्या उजेडात लाकडांत काही दिसत नव्हतं. जांभळ्या उजेडात पहिल्यांदा एक चमकला, रेडियमच्या काट्यासारखा. मग दुसरा, त्याच्या वर तिसरा. मी सात मोजले आणि टॉर्च मिस्टरांच्या हातात दिली. याच लाकडांतून मी दोन वर्षं मोकळ्या हातानं जळण काढत होते.

सकाळी लांब चिमट्यानं एकेक धरून काचेच्या बरणीत टाकला. काचेवर चढता येत नाही त्यांना. एकूण नऊ निघाले, पैकी दोन टायरात. दिरानं बरणी नेऊन वस्तीपासून लांब माळावर, दगडांत सोडली. माळ्यावर पांढऱ्या पट्ट्यांचा साप होता, सगळे मण्यार म्हणून ओरडले. सर्पमित्र आले, म्हणाले कवड्या आहे, बिनविषारी. पट्टे डोक्याकडं ठळक आणि शेपटीकडं पुसट असतील तर कवड्या, मण्यारीचं उलटं. तरीपण स्वतः ओळखून हात घालू नका असं त्यांनी दोनदा बजावलं.

पत्र्याखालची मातीची घरटी दिरानं खुरप्यानं काढली. भोक पडलेली रिकामी होती. एक बंद होतं, ते फुटलं तर आत बारीक बारीक कोळी खच्चून भरलेले. मेलेले वाटले, पण पाय हळूच हलत होते. त्यांच्यात एक पिवळट अळी. हे काय आहे मास्तर?

मास्तर_जीवशास्त्र
कुंभारीण माशी. ती कोळ्याला डंख मारून लुळा करते, मारत नाही. मातीच्या कोठीत भरते, त्यावर एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळीला वाढ पूर्ण होईपर्यंत ताजं खाणं. कोळी कमी करायचं काम तुमच्या खोपीत आधीपासून चालू होतं. गांधीलमाशीसारखी ती अंगावर येत नाही. मशिनीच्या डोक्यावर घरटं नको असेल तर काढा, बाहेर एखादं असू द्या.

वडणगेची_सून
मग बाहेरच्या भिंतीवरची दोन ठेवते.

कोबा झाला, नाल्या भरल्या, जाळी बसली. मजुरी धरून साडेनऊ हजार गेले, त्यात निम्मे कोब्याचे. औषध अजून मारलेलं नाही. चार रात्री टॉर्च मारली, काही चमकलं नाही. मशिनी शुक्रवारी येतायत.

आक्का_गारगोटी
लई ब्येस केलंस. जळण आणि शेणी कुटं ठेवल्यास? त्या घराला लागून न्हाईत न्हवं?

वडणगेची_सून
नाही आक्का. परड्याच्या पलीकडच्या कडेला, चार विटांवर फळ्या टाकून, वर ताडपत्री. भिंतीला टेकलेलं काहीच नाही. सकाळी आठलाच काढते, आधी काठीनं बडवून.