मदत हवी आहे: भेट द्यायच्या पेनड्राइव्हमधला कॅटलॉग आपोआप उघडावा, पण संशय येऊ नये

प्रदर्शनात वाटायला ८ जीबीचे ३०० पेनड्राइव्ह घ्यायचे आहेत. आत फक्त ४० एमबीची एक पीडीएफ. साहेबांचा हट्ट असा की ड्राइव्ह लावताच ती उघडली पाहिजे.

ऑटोरन.आयएनएफ (ड्राइव्ह लावल्यावर काय उघडायचं ते विंडोजला सांगणारी छोटी फाइल) करून पाहिली. विंडोज १० आणि ११ वर आयकॉन आणि ड्राइव्हचं नाव दिसतं, 'ओपन' ही ओळ मात्र पाळली जात नाही. हे अपेक्षितच, कॉन्फिकरसारखे वर्म (आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम) याच वाटेने पसरले आणि विंडोज ७ पासून यूएसबीसाठी ती वाट बंद झाली. मॅकवर तर ही सोयच नाही.

एका पुरवठादाराने कीबोर्ड असल्याचं भासवून वेबसाइटचा पत्ता टाइप करणारी चिप सुचवली. ती नको. २०१४ च्या बॅडयूएसबीनंतर (यूएसबी उपकरण कीबोर्ड असल्याचं भासवून हल्ला करू शकतं हे दाखवणारं संशोधन) कुठलाही आयटी विभाग तिला हल्लाच समजेल, आणि योग्यच आहे ते.

उरला एक पर्याय: कंट्रोलरच्या (पेनड्राइव्ह चालवणाऱ्या चिपच्या) मास प्रॉडक्शन टूलने, म्हणजे कारखान्यात ड्राइव्ह तयार करायच्या सॉफ्टवेअरने, ड्राइव्हचा एक भाग सीडी-रॉम म्हणून दाखवणं. तो भाग रीड-ओन्ली राहतो, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवरचा व्हायरस निदान त्यात शिरत नाही. पण ऑटोप्लेची (काय उघडायचं ते विचारणारी) चौकट येणारच, शिवाय पीडीएफ उघडायला छोटी ईएक्सई (विंडोजचा प्रोग्राम) लागेल आणि अँटीव्हायरस तिच्यावर डाफरेल.

नवीन सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला लावणारे उपाय चालणार नाहीत.

कुणी असे ड्राइव्ह बनवून घेतले आहेत का? सगळ्या ३०० नगांत एकच कंट्रोलर मिळावा म्हणून ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहून घ्यायचं? आणि ईएक्सईला डिजिटल सही केल्याने अँटीव्हायरसचा त्रास खरंच कमी होतो का?