कारखान्यातून आलेल्या .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलची अचूकता कशी तपासावी? (नाशिक)

गोदाकाठ :
नमस्कार. रीतसर परवाना मिळाल्यावर दिवाळीनंतर मी .२२ बोअरची नवी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घेतली. नळी, लाकडी दस्ता आणि चाप कारखान्यातून आले तसेच आहेत. वर चारपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण तेवढी बसवून घेतली. क्लबच्या ५० मीटर रेंजवर आतापर्यंत तीनदा गेलो. एकदा तीन गोळ्यांची छिद्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली, आणि लगेच पुढच्या कागदावर पाच गोळ्यांनी काडेपेटीच्या लांबीएवढी जागा खाल्ली. दोष रायफलचा, काडतुसांचा की माझा, हे कसे ओळखावे? दुर्बीण बदलावी असे काही मित्र म्हणतात. जाणकारांनी सल्ला द्यावा.

सातपूरकर :
नेम कशावर टेकवून धरला होता, हे आधी सांगा. त्याशिवाय बाकीची चर्चा व्यर्थ आहे.

गोदाकाठ :
टेबलावर कोपरे टेकवून, पुढे पाठीवरची सॅक ठेवली होती. मागे काही नव्हते.

जुना आर्मरर :
मग तुम्ही रायफल तपासली नाही, स्वतःला तपासले. दुर्बिणीवर पैसे घालण्याआधी पुढील क्रमाने जा.

घरी बोल्ट बाहेर काढून, चेंबर (नळीतली काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्या. मग नळी आणि दस्त्याचा पुढचा भाग यांच्यामधून शंभराची नोट सरकवत न्या. नळी मोकळी ठेवण्याची रचना असेल, तर नोट चेंबरच्या जवळपर्यंत न अडता जायला हवी. मध्येच अडली तर तिथे लाकूड नळीला टेकते आहे. आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात सुकते, त्यामुळे जूनमध्ये अडणारी नोट एप्रिलमध्ये सहज जाते, असेही मी पाहिले आहे. नंतर दस्त्याला यंत्रणा आवळणारे स्क्रू आणि दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू तपासा. पुस्तिकेत दिलेल्या मापानेच आवळावे. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दाखवणारा पेचकस सातपूर-अंबडच्या एखाद्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मागितला तर मिळतो. रिकाम्या रायफलचा चाप उगाच ओढून पाहू नका; .२२ मध्ये काडतुसाला ठोका देणारी फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती कड दबू शकते.

रेंजवर पुढे एक आणि मागे एक अशा वाळूच्या दोन पिशव्या घ्या. पुढची पिशवी दस्त्याखाली असावी, नळीखाली कधीही नाही. मागची पिशवी मुठीत दाबून उंची जुळवायची, म्हणजे खांद्याने रायफल ढकलावी लागत नाही. डोळा किंचित हलवल्यावर दुर्बिणीतली फुली कागदावर सरकताना दिसली, तर तो पॅरॅलॅक्सचा दोष आहे. पुष्कळ साध्या दुर्बिणी १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात, म्हणून ५० मीटरवर गाल दर वेळी त्याच जागी टेकवा.

आता मुख्य मुद्दा. तीन गोळ्यांच्या ग्रुपवर, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांच्या पुंजक्यावर, विश्वास ठेवू नका. एकाच रायफलमधून, एकाच काडतुसाने तीन आणि दहा गोळ्यांचे ग्रुप काढले, तर दहाचा ग्रुप सरासरीने तीनच्या दीडपटीहून थोडा मोठाच भरतो. यात रायफल बिघडलेली नसते, गणितच तसे आहे. तेव्हा पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप काढा, वाईट ग्रुप वगळू नका आणि पाचांची सरासरी धरा. मोजताना सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरील कडांमधले अंतर व्हर्नियरने घेऊन त्यातून गोळीचा व्यास, म्हणजे ५.६ मिलिमीटर, वजा करा. कागद गोळी गेल्यावर आकसतो, म्हणून फाटलेल्या छिद्राऐवजी भोवतीची शिशाची काळपट कडा पकडा. ५० मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण १४.५ मिलिमीटर, आणि ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. कारखान्याच्या साध्या रायफलने पाच-पाचच्या सरासरीत २० ते २५ मिलिमीटर दिले, तर माझी काही तक्रार नसते.

काडतूस बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका. गोळीवरच्या मेणाचा नवा थर नळीत बसावा लागतो. दोन प्रकार तरी तपासा, आणि त्यांतला एक ध्वनीपेक्षा कमी वेगाचा असू द्या.

सातपूरकर :
वरील सल्ल्यात वाऱ्याची भर घालतो. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर .२२ च्या गोळीला दोनएक सेंटिमीटर ढकलतो, आणि गंमत म्हणजे जास्त वेगाची गोळी कमी वेगाच्या गोळीपेक्षा अधिक ढकलली जाते. नाशिकला उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ हीच कामाची वेळ आहे. ग्रुप आडवा पसरला तर वारा शोधा, उभा पसरला तर काडतुसांच्या वेगातला फरक किंवा मागची पिशवी.

निफाडचा शेतकरी :
माझ्याकडे .३१५ बोअरची रायफल आहे. तिथे नळी तापण्याचा प्रश्न मोठा असतो, म्हणून मी दोन गोळ्यांमध्ये चांगला वेळ सोडतो. थंड नळीची पहिली गोळी कुठे बसली, हेही वेगळे लिहून ठेवतो. .२२ ला हा त्रास नाही, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी सांगितले.

गोदाकाठ :
सर्वांचे आभार. नोट व्यवस्थित गेली, परंतु दस्त्याचा पुढचा स्क्रू जवळजवळ अर्धा फेरा सैल निघाला. तो आवळून रविवारी सकाळी साडेसातला बसलो. कमी वेगाच्या काडतुसाचे पाच ग्रुप १७, २२, १९, २६ आणि २० मिलिमीटर. जास्त वेगाच्या काडतुसाचे ३१, ३८, २७, ३५ आणि ३३. दुर्बीण तीच आहे. १७ चा कागद जपून ठेवला आहे. रायफल १७ ची आहे असे म्हणता येईल का?

जुना आर्मरर :
नाही. कागद हवा तर फ्रेम करा, पण वहीत २१ लिहा, आणि त्यापुढे जास्त वेगाच्या काडतुसाचे ३३ लिहा. दुर्बिणीचा विचार सोडून द्या. कमी वेगाच्या काडतुसांच्या खोक्यावरचा लॉट (एका वेळी बनवलेल्या मालाचा) क्रमांक टिपून घ्या आणि परवान्यावरील वर्षाच्या मर्यादेत बसतील तेवढी त्याच लॉटची काडतुसे घ्या. लॉट बदलला की पाच ग्रुप पुन्हा काढावे लागतील. पुढचा स्क्रू महिनाभराने परत तपासा, कारण नवे लाकूड दबते.