स्टिअरिंगवरचा तो एक क्षण आणि त्यानंतर बदललेली सवय: तुमचे अनुभव सांगा

पावसाळा तोंडावर आलाय. यंदा नियमांची यादी नको, अनुभव हवेत. गाडी चालवताना काळजाचा ठोका चुकला असा एखादा प्रसंग आणि त्यानंतर तुम्ही कायमची बदललेली एखादी सवय, एवढंच लिहा. पेट्रोल वाचवायची युक्ती असली तरी चालेल, फक्त स्वतः करून पाहिलेली असावी. सुरुवात मी करतो.

साताऱ्याहून पुण्याकडे येत होतो. खंबाटकीचा बोगदा संपला की उतार लागतो आणि पुढे ते इंग्रजी एसच्या आकाराचं वळण. गाडी चौथ्या गिअरात, वेग सत्तरच्या आसपास. मागे मुलांनी पाण्याची लिटरची बाटली सीटवर टाकली होती. ती उतारावर घरंगळली आणि माझ्या सीटखालून थेट पायाशी आली. ब्रेक दाबला, तर पेडल अर्ध्यात अडलं. बाटली काठोकाठ भरलेली, झाकण घट्ट, त्यामुळे ती दबेना. बुटाच्या तळव्याला तो टणकपणा जाणवला आणि अंगाला घाम फुटला. तिसरा टाकला, इंजिन ओरडलं, पण वेग उतरला. मग दुसरा. क्लचवरचा पाय काढून टाचेनं बाटली डावीकडे ओढली, तेव्हा कुठे ब्रेक लागला. या सगळ्याला चार-पाच सेकंद लागले असतील.

आता माझ्या गाडीत बाटली फक्त दाराच्या कप्प्यात असते. पायाशी चप्पल, छत्री, पिशवी काही नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट मागच्या हुकाला अडकवलेलंच हवं. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून एकदा हात फिरवतो. माझ्या गाडीत बसणाऱ्यांनाही आता त्याची सवय झाली आहे.

कुंभार्ली

दादा, तुम्ही वेळेवर गिअर उतरवलात म्हणून वाचलात. माझे बाबा एसटीत चालक होते, उभी हयात चिपळूण-कराड रस्त्यावर गेली. मला गाडी शिकवताना त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ‘ज्या गिअरात घाट चढशील, त्याच गिअरात उतरायचा.’ मला वाटायचं, हे जुन्या गाड्यांचं असेल. मग एकदा कुंभार्ली घाट उतरताना पुढच्या पर्यटकांच्या गाडीच्या चाकांतून धूर यायला लागला. रबर आणि धातू एकत्र जळल्यासारखा तो वास ज्याने एकदा घेतलाय तो विसरणार नाही. त्यांनी पूर्ण घाट ब्रेकवर उतरवला होता. ब्रेक तापले की पेडल दाबूनही धरत नाहीत. गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थांबायला लावलं त्यांना. चाकांवर पाणीही ओतू दिलं नाही, कारण तापलेली डिस्क त्यानं वाकते.

न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचतं, हे अजून पुष्कळ जण मानतात. कार्ब्युरेटरच्या काळात थोडंफार वाचतही असेल. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ पूर्ण बंद होतं, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे ब्रेकही झिजवायचे आणि पेट्रोलही घालवायचं. आणि उतारावर चावी बंद करणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, असं करू नका. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो.

टाकीफुल्ल

ताई, एक भर. ऑटोमॅटिकवाल्यांनीही घाटात नुसतं डी वर राहू नये. गाडीप्रमाणे खालच्या गिअरात ठेवणारा एल, एस किंवा मॅन्युअल मोड असतो, तो उतारावर लावा. माझा स्वतःचा अनुभव सवडीने खाली लिहितो.

साष्टीकर

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो दिवस. मी कुर्ल्यात, लालबहादूर शास्त्री मार्गावर कमानीच्या जवळ होतो. पाणी आधी टायरच्या अर्ध्यापर्यंत होतं, म्हणून काचा बंद करून एसी लावून बसलो. वाटलं, ओसरेल. पाऊण तासात ते दाराच्या फटीतून आत यायला लागलं, थंड आणि काळं. दार उघडायला गेलो तर बाहेरच्या पाण्याच्या दाबानं उघडेना. इंजिन अजून चालू होतं, म्हणून काच खाली गेली आणि मी खिडकीतून बाहेर पडलो. घाटकोपरपर्यंत दुभाजकाला धरून छातीभर पाण्यातून चालत गेलो. त्या दिवशी या शहरात गाडीत अडकून माणसं गेली, त्यांच्या काचा उतरल्या नाहीत आणि कुलपं उघडली नाहीत. हे लिहिताना आजही मला थांबावं लागतं.

तेव्हापासून पाणी साचलेलं दिसलं की पहिली गोष्ट म्हणजे बेल्ट सोडून दोन काचा खाली. पाऊस आत आला तर येऊ दे. काच फोडायची वेळ आलीच, तर समोरची फोडायच्या नादी लागू नका. तिच्यात दोन काचांमध्ये पडदा असतो, तडे जातात पण ती पडत नाही. बाजूची काच बहुतेक गाड्यांत कडक केलेली असते, ती कोपऱ्यात टोकदार घाव घातला की भुगा होते. माझ्या सीटजवळ छोटी हातोडी बांधलेली आहे. डिकीत ठेवून उपयोग नाही, डिकी पाण्यात असते.

दुसरी चूकही सांगतो, कारण ती लोक दर वर्षी करतात. काही वर्षांनी एका भुयारी रस्त्यात पाण्यातच गाडी बंद पडली आणि मी पुन्हा स्टार्टर मारला. एकदाच. इंजिनात पाणी शिरलं होतं, आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकला. विमा कंपनीनं अर्ज फेटाळला, कारण इंजिनचं वेगळं कव्हर मी घेतलं नव्हतं. सगळे पैसे खिशातून गेले. पाण्यात बंद पडलेली गाडी ढकलायची, ओढून न्यायची, पण चावी फिरवायची नाही. आणि जून लागण्याआधी पॉलिसीचा कागद उघडून ते कव्हर आहे का, एवढं बघा.

ऊसपट्टा

आमच्याकडे कारखान्यांची धुराडी पेटली की रात्रीचा रस्ता बदलतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर ऊस बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. कराडहून विट्याला येत होतो, रात्री दहा-साडेदहा. समोरून एक ट्रक अप्पर, म्हणजे दिव्याचा वरचा झोत, लावून आला. डोळ्यांपुढे पांढरं झालं. तो गेल्यावर जे दिसलं ते उसाचं वाढं होतं, माझ्या बॉनेटपासून दोन हातांवर. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच उभी होती. मागे दोन दगड ठेवले होते, तेवढीच खूण. डावीकडे साइडपट्टी मोकळी होती म्हणून आज लिहितोय.

घरी येऊन मी कागदावर मांडणी केली. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, मला जेमतेम ४० ते ५० मीटर दिसतं. ताशी ८० ने जाताना धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ३० मीटर गेलेले असतात, पुढे गाडी थांबायला आणखी ३५. म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेला. ६० वर हाच हिशेब ४५ च्या आसपास येतो. त्या दिवसापासून ऊस चालू असताना अंधारात ६० च्या वर जात नाही, मागचा कितीही हॉर्न मारो. समोरून अप्पर आला की नजर त्याच्या दिव्याकडे न ठेवता डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवतो आणि पाय आधीच उचलतो. काच आतून पुसलेली हवी. आतल्या तेलकट थरावर प्रकाश पसरतो, ते दिवसा लक्षात येत नाही.

आमच्या घरच्याही ट्रॉल्या आहेत. दर हंगामाच्या सुरुवातीला त्यांना लाल पट्ट्या मी स्वतः चिकटवतो, आणि आठवड्यातून एकदा फडक्यानं पुसतो. ट्रॉलीवाले कोणी वाचत असतील तर एवढं कराच.

टाकीफुल्ल

वर कबूल केलेलं लिहितो. कोथरूड ते हिंजवडी, जाऊन-येऊन साधारण ३८ किलोमीटर. डायरी ठेवली. टाकी फुल्ल करायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या फुल्लला भागाकार. गाडीच्या पडद्यावरच्या आकड्यावर विसंबलो नाही. सुरुवातीला ॲव्हरेज १३.२ होतं, चार महिन्यांनी १६.४ आलं. महिन्याला बारा लिटर पेट्रोल वाचतं.

केलं काय, तर गाडीवर खर्च काहीच नाही. सकाळी टायर थंड असताना हवा, दाराच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढीच. डिकीतलं सामान आणि छतावरचं कॅरिअर काढलं. पण खरा फरक नजरेमुळे पडला. मी पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघत चालवायचो, आता त्याच्याही पुढच्या तीन गाड्या आणि सिग्नल बघतो. लाल होणार दिसलं की पाय उचलतो, गाडी गिअरमध्येच घरंगळत जाते. पुष्कळदा पोहोचेपर्यंत हिरवा झालेला असतो. अंतर राखल्यामुळे मध्ये कोणीतरी घुसतंच, त्याचा राग यायचा. डायरीत एक महिना वेळही लिहिली, फरक दोन-तीन मिनिटांचा निघाला. राग गेला. आणि चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर सोडा. क्लचप्लेटचा खर्च वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा मोठा असतो.

वऱ्हाडवाट

समृद्धीवर ताशी १२० ची परवानगी आहे, ७०१ किलोमीटर सरळ रस्ता, ना सिग्नल ना गाव. त्याच सरळपणाची भीती बाळगा. मी मे महिन्यात नागपूरहून जेवण करून निघालो, दुपारचे अडीच. कारंज्याच्या पुढे असेन. बायकोनं दंडाला चिमटा काढला तेव्हा कळलं की माझे डोळे उघडे होते, पण मधले काही किलोमीटर मला आठवतच नव्हते. १२० ला गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटर आंधळे. गाणी मोठ्यानं लावणं, काच उघडणं, तोंडावर पाणी मारणं यानं झोप जात नाही, थोडी पुढे ढकलली जाते. विश्रांतीच्या जागी थांबलो, वीस मिनिटं झोपलो, चहा घेतला. आता दर दोन तासांनी थांबतो, झोप असो-नसो.

टायरचंही सांगतो. हवा कमी असली की बाजूची भिंत सारखी दुमडते, तापते आणि वेगात फुटते. उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी भरा असं सांगणारे आहेत, त्यांचं ऐकू नका. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. माझी स्टेपनी नवीकोरी दिसायची, आकडे वाचले तर नऊ वर्षांची निघाली. फुटलाच टायर, तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, पाय उचला, वेग आपोआप उतरू द्या. शिवाय १२० ऐवजी १०० ने गेलो तर माझं इंधन बरंच कमी जळतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, १२० ला तो १०० च्या जवळपास दीडपट असतो.

धुक्यातली आंबोली

थोडक्यात लिहिते. धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि खालचे फॉगलॅम्प पुरे. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका. तुम्ही वळताय की थांबलाय, मागच्याला कळत नाही. काच धूसर झाली तर आधी वायपर मारून बघा. पुसली गेली तर दव बाहेरून आहे, एसीचा झोत काचेवरून काढा. नाही पुसली तर आतून आहे, एसी चालू ठेवून झोत काचेवर सोडा. हे मला बांदा ओलांडल्यावर एका गोव्याच्या टॅक्सीवाल्या काकांनी दाखवलं, तोवर मी सारखी रुमालानं पुसत होते.

मॉन्ट्रियलहून

इथे क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. पहिल्या वर्षी मला तो खर्च नको वाटला होता. मग नोव्हेंबरच्या एका सकाळी पुलावर रस्ता नुसता ओला दिसत होता, बर्फाचा पत्ता नाही. स्टिअरिंग एकदम हलकं झालं, टायरचा आवाज बंद झाला आणि गाडी तिरकी सरकायला लागली. तो काळा बर्फ. पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं. पूल खालूनही गार होतो म्हणून तिथे आधी धरतो. मी काहीच केलं नाही, खरं तर काही सुचलंच नाही, आणि तेच बरोबर ठरलं. ब्रेक मारला असता तर गिरकी घेतली असती. गावाकडे पहिल्या पावसात रस्त्यावर तेल तरंगतं किंवा साचलेल्या पाण्यावर टायर उचलले जातात, तेव्हाही हीच रीत: पाय उचला, जायचंय तिकडे बघा, चाक हळूच वळवा. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि ब्रेक लावावाच लागला, तर पेडल पायाखाली थरथरतं, घाबरून सोडू नका, दाबून धरा.

हिमवादळात गाडी अडकली आणि इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी उतरून मागचा सायलेन्सरचा पाइप बर्फातून मोकळा करा. नाहीतर विषारी वायू आत साठतो. माझ्या गाडीत फावडं आणि दोन ब्लँकेटं असतात.

नाशिकची सून

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कारच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता, असं तपासात पुढे आलं. बातमी लागली तेव्हा आम्ही सगळे देवळात जायला निघत होतो. मी मागच्या सीटवर सासूबाईंसाठी बेल्ट शोधायला गेले, तर बकलच सापडेना. हौसेनं बसवलेल्या सीटकव्हरखाली ती तिन्ही दाबली गेली होती, गाडी घेतल्यापासून. कात्रीनं कव्हरला चिरा पाडून ती बाहेर काढली, तेव्हा एकात बिस्किटाचा चुरा अडकला होता.

सासूबाईंना बेल्ट पोटावर टोचायचा. खालची पट्टी पोटावर न घेता ओटीच्या हाडांवर बसवायची आणि वरची खांद्याच्या मध्यावर, नऊवारीचा काष्टा नीट करून. मग त्यांची तक्रार राहिली नाही. मागच्या सीटच्या फटीत आजच हात घालून बघा, तुमची बकलं वर आहेत का.