सामान स्वतः आणण्याचा हिशेब

फ्रान्सच्या खेड्यातले जुने घर दुरुस्त करताना चुना, फरशी, नळ हे सारे सामान मालकाने स्वतः आणावे आणि कारागिराला केवळ मजुरी द्यावी, म्हणजे खर्च वाचतो, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. दोन वर्षांहून जुन्या राहत्या घराच्या दुरुस्तीवर तिथे मूल्यवर्धित कर साधारणपणे १० टक्के लागतो, आणि छताला उष्णतारोधक थर देण्यासारख्या ऊर्जा वाचवणाऱ्या कामांवर तो ५.५ टक्क्यांपर्यंत उतरतो. मात्र सामान कारागिराच्याच बिलात असेल तरच त्याला ही सवलत मिळते, आपण परस्पर विकत घेतले की त्याच वस्तूवर पूर्ण २० टक्के भरावे लागतात.

मध्य फ्रान्सच्या लिमूझँ भागातील आमच्या घराच्या न्हाणीघरासाठी आम्ही दोघांनी दोन्ही पर्यायांचे आकडे शेजारी मांडले, तेव्हा नळ आणि पाइपांवरची बचत जवळजवळ नाहीशी झाली. जुन्या बाजारात मिळालेली फरशी तेवढी खरोखर स्वस्त पडली. शिवाय आपण आणलेला नळ गळू लागला, तर दोष वस्तूचा की जोडणीचा हा वाद (तोही फ्रेंचमधून) आपल्यालाच घालावा लागतो.