मदत हवी आहे: संस्था झाली, करारनामा नाही, टेलच्या पाण्याचा हक्क कुठे मागायचा?

टेलवाला_यवतमाळ:
मध्यम प्रकल्पावरची मायनर (छोटा कालवा) आहे. पाणीवापर संस्था नोंदली, निवडणूक झाली, संयुक्त पाहणीही झाली. पुढे मायनरची दुरुस्ती अडली आणि जलसंपदा विभागाशी संस्थेचा करारनामा राहिला, म्हणून पाणी अजून सात नंबरच्या फॉर्मवरच (शेतकऱ्याचा पाणी मागणी अर्ज) मिळते. रब्बीत हेडला (सुरुवातीला) गव्हाचे बांध भरून वाहतात, टेलची म्हणजे शेवटच्या टोकाची शेतचारी ओलीसुद्धा होत नाही. 2005 च्या कायद्याने पाण्याचा हक्क मिळतो म्हणतात, तो मागायचा कुठे? कायदा बदलण्याचे निवेदनही आमदारांना द्यायचे आहे. त्यात नेमके काय लिहावे?

पाटसरी:
भाऊ, 2005 चे कायदे दोन आहेत. सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा संस्थेला मोजून पाणी देतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा हक्कदारी, म्हणजे कोणाचा किती पाण्यावर हक्क, ते ठरवतो. 2011 च्या दुरुस्तीने दुसऱ्यात कलम 31अ घातले: पहिल्या कायद्याप्रमाणे सीमांकनासह (संस्थेचं क्षेत्र आखण्यासह) सगळी पूर्तता झाली असेल तिथेच हक्कदारी लागू. पूर्तता करायची विभागाने, ती राहिली तर हक्क बुडतो शेतकऱ्याचा. हा सरळ अन्याय आहे आणि निवेदनाचा पहिला मुद्दा हाच हवा.

आधी कागद जमवा. माहिती अधिकारात सीमांकनाची अधिसूचना, संयुक्त पाहणीचा अहवाल, 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर बेतलेला प्राथमिक सिंचन कार्यक्रम आणि मायनरच्या मुखाची पाळीनिहाय गेज (पाण्याच्या पातळीची) नोंदवही मागा. मोघम लिहू नका. मायनरचे नाव आणि तारखा टाका. नोंदवही कोरी निघाली तरी ती जपून ठेवा, मोठा पुरावा आहे.

नॉच_आणि_गेज:
करारनाम्याआधी मोजमाप पक्कं करा, नाहीतर घनमीटरचा हिशेब कागदावरच राहील. शेतचारीवर 90 अंशाची व्ही-नॉच (विसर्ग मोजायची, V आकाराची खाच असलेला पत्रा) चालते. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची 15 सेंमी असेल तर सेकंदाला साधारण 12 लिटर, 20 ला 25, 25 ला 43. उंची पत्र्याजवळ घेऊ नका, तिथे पाणी वाकलेलं असतं. त्या उंचीच्या किमान चौपट अंतरावर, वरच्या बाजूला पट्टी रोवा. खाली बेशरमची झुडपं माजली की पाणी तुंबतं, नॉच बुडते आणि आहे त्यापेक्षा जास्त विसर्ग दिसतो. मग न मिळालेल्या पाण्याचं बिल येतं.

शेजपाळीही (कोणाला कधी, किती वेळ पाणी याची यादी) तपासा. 8 सेंमीची पाळी म्हणजे हेक्टरी 800 घनमीटर, 25 लिटरच्या धारेला जवळपास नऊ तास. यादीत टेलला हेक्टरी सहाच तास असतील तर कोणी पाट फोडला नाही तरी रान कोरडंच राहणार.

पाटसरी:
बरोबर. निवेदनात सीमांकन, दुरुस्ती आणि मोजयंत्र या तिन्हींना कायद्यात मुदत मागा; मुदत चुकली तर हक्कदारी आपोआप लागू व्हावी. टेलच्या गेजची नोंदही बंधनकारक हवी. विहिरींचा विषय यात मिसळू नका, त्याला 2009 चा भूजल कायदा वेगळा आहे.

टेलवाला_यवतमाळ:
तोवर सात नंबर भरणे थांबवावे का?

पाटसरी:
अजिबात नाही. अर्जाशिवाय घेतलेलं पाणी विनापरवाना ठरतं आणि दंडाची आकारणी होते. जाहीर प्रकटनातल्या मुदतीत फॉर्म भरा, तारखेची पोच घ्या. मागची थकबाकीही बघून ठेवा, मंजुरी बहुधा तिथेच अडते.