नेसणे, घालणे, परिधान करणे: फॅशनच्या मजकुरात काय लिहावं? (बोलणाऱ्यांच्या नावांऐवजी त्यांची गावं दिली आहेत.)

पणजी: सणाच्या पुरवणीत पेहरावाचं पान लावताना चित्रओळींत सगळीकडे ‘परिधान’ येतं. साडी परिधान, झुमके परिधान, गॉगलसुद्धा परिधान! सरसकट ‘घातलेली’ केलं तर साडीला ते शोभत नाही. जाणकारांनी नेमकं सांगावं. आणि शिवलेली नऊवारी नेसतात की घालतात?

फोंडा: जे कापड न शिवता अंगाभोवती गुंडाळून, खोचून बसवतात ते नेसायचं: साडी, लुगडं, धोतर, सोवळं. शिवलेलं ते घालायचं: ब्लाउज, कुर्ता, जीन्स. ओढणी घेतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात, गॉगल लावतात. बांगड्या कासाराकडे भरतात, एरवी घालतात. दागिन्यांसाठी ‘लेणे’ हे सुंदर क्रियापद आहे, पण आज ते ओव्यांत शोभतं. दागिन्यांच्या जाहिरातीत वाचक अडखळतो. ‘परिधान करणे’ चूक नाही. गणवेशाच्या परिपत्रकात ते बरोबर बसतं, पुरवणीत मात्र मजकूर ताठ करतं.

म्हापसा: शिवलेली नऊवारी घालायचीच. नऊवार म्हणजे सुमारे 8.2 मीटर कापड. नेसताना कमरेला गाठ मारायची, निऱ्या करायच्या, कासोटा मागे खोचायचा. शिवलेलीत निऱ्या आणि कासोटा टाक्यांनी पक्के, कमरेला नाडी किंवा हूक. सलवारीसारखे पाय घालून वर ओढायची. पदर तेवढा मोकळा, तो खांद्यावर पिनेने लावायचा. ती घालण्याच्या कृतीत ‘नेसा’ छापलं तर वाचणारी निऱ्या शोधत बसते. मापाच्या चौकटीत ‘कमर ते घोटा’ हे माप जरूर द्या. कासोट्याची लांबी शिवतानाच ठरते, आखूड पडला तर बसताना टाका उसवतो. नेसलेल्या साडीत तो सैल करता येतो, इथे तशी सोय नाही.

मडगाव: गोव्याच्या पानात कुणबी साडी असणारच, म्हणून सांगतो. ‘कुणबी प्रिंट’ लिहू नका. त्या चौकटी छापलेल्या नसतात, ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) दोन्हींत रंगीत सूत घालून विणलेल्या असतात. कापड उलटून बघा, दोन्ही बाजूंना चौकट सारखी दिसली पाहिजे. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (1960–2020) यांनी ती रॅम्पवर नेली, त्यानंतर बुटिकांत पूर्ण लांबीची साडी दिसू लागली आणि ती नेहमीसारखी निऱ्या करून नेसतात. पारंपरिक कापड आखूड नेसतात आणि खांद्यावर गाठ मारतात. फोटोत ती गाठ असेल तरच ‘कुणबी पद्धतीने नेसलेली’ लिहा, नाहीतर ‘कुणबी साडी नेसलेली’ एवढं पुरे.

मांडोच्या नाचातला पानो-बाजू हा वेश तर नियमाचा उत्तम नमुना आहे. पानो कमरेभोवती गुंडाळायचा, म्हणून नेसायचा. बाजू हा शिवलेला सैल झगा, म्हणून घालायचा. तुवाल खांद्यावर घ्यायचा. एकाच वेशाला तीन क्रियापदं लागतात. तिथे ‘पानो-बाजू घातलेली’ लिहिलं की कोकणी वाचकालाही खटकतं, कारण त्याच्याकडे ‘न्हेसप’ आणि ‘घालप’ वेगळे आहेतच.

पणजी: आणि साडीवर जॅकेट, वर पट्टा असला तर?

फोंडा: ‘साडी नेसून वर जॅकेट घातलेली, कमरेला पट्टा बांधलेली.’ ओळ लांबली तर ‘साडी, जॅकेट आणि पट्टा’ लिहून क्रियापद गाळा. चित्रओळीत ते चालतं.