पाणी मध्यम जड, तर आरओ घ्यावा का?

चहाबाज: नळाला शुद्ध करून आलेलंच पाणी आहे. थेंबांच्या किटने तपासलं तर कठीणपणा (म्हणजे जडपणा, कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) लिटरला ११० मिलिग्रॅम निघाला. किटलीत पांढरे पापुद्रे, शॉवरची भोकं बुजलेली, आणि पाण्याला क्लोरीनचा वास. विक्रेत्याने टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून ३१० दाखवलं आणि म्हणाला, आरओशिवाय (बारीक पडद्यातून पाणी गाळून क्षार काढणाऱ्या यंत्राशिवाय) गत्यंतर नाही. घरात एकांना मीठ कमी खायला सांगितलंय. काय करू?

पाणक्या: मीटर दाखवून घाबरवायचं, हे त्यांचं ठरलेलंच. तो मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, कठीणपणा नाही. सॉफ्टनर (जडपणा काढणारं यंत्र) लावलात तर साबणाला मस्त फेस येईल, पण मीटरचा आकडा जवळपास तोच राहील. कॅल्शियम, मॅग्नेशियम जातं आणि त्याजागी सोडियम येतं, एवढाच फरक.

लिटरला ६१ ते १२० मिलिग्रॅम कठीणपणा म्हणजे मध्यम जड. पिण्याच्या दृष्टीने यात काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही कठीणपणाला आरोग्यासाठी म्हणून मर्यादा घातलेली नाही. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक निघालं किंवा पाणी मचूळ असेल, तर आरओचा विचार करा. एरवी नको; त्यात बरंच पाणी मोरीत जातं ते वेगळंच.

वासासाठी साधा कार्बन फिल्टर पुरे. त्याने क्षार जात नाहीत, तेव्हा किटली तशीच पांढरी होणार. कार्ट्रिज मात्र वेळेवर बदला; क्लोरीन तिथेच अडतं, मग जुन्या कार्बनमध्ये जंतूंना रान मोकळं.

किटलीत पाणी उकळून बंद करा आणि मग चमचाभर लिंबूसत्व टाका. फसफसून पापुद्रे सुटतात, तळ लख्ख. नंतर दोनदा साधं पाणी उकळून ओता. शॉवरची चकतीही लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा.

सुगरण_नाही: आमच्याकडे सॉफ्टनर आहे, गीझर आणि वॉशिंग मशीनसाठी. स्वयंपाकघराचा नळ त्यातून वगळलाय. पथ्य असेल तर तुम्हीही तसंच करा.

पाणक्या: बरोबर. ११० पूर्ण काढलं तर लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. फार नाही, पण पथ्यवाल्यांनी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

चहाबाज: मग सध्या कार्बनच. लिंबूसत्व आजच टाकलं. सोडा वॉटरसारखं उसळलं! एका कोपऱ्यात थोडा थर राहिलाय.

पाणक्या: तो जुना थर आहे. रात्रभर भिजू द्या. सुरीने खरवडू नका, चरे पडतात.